दर दहाव्या टाक्यावर

दिवाळी झाली की बरखेड्यातल्या आमच्या सेक्टरच्या मैदानात दुपारी दोनला सतरंज्या पडायच्या. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायला वेळ असायचा, मुलं शाळेत, भांडी घासून झालेली. ऊन पाठीवर घ्यायचं आणि विणायला बसायचं. पंजाबी, बंगाली, मल्याळी, आमच्यासारख्या मराठी, सगळ्या जणी असायच्या. भोपाळच्या भेल कारखान्याने देशभरातून माणसं आणून या क्वार्टरांमध्ये भरली होती. आमचं एकमेकींशी हिंदी धड नव्हतं, पण एखादीचा टाका सुटला की सगळ्यांना एकदम कळायचं. चार वाजेपर्यंत तोंडं आणि सुया दोन्ही थांबत नसत.

या मेळ्यात सुमित्राबाई हरकरे बसायच्या नाहीत, चालायच्या. डाव्या खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत लोकरीचा गुंडा, आणि सुया हातात. या सतरंजीपासून त्या सतरंजीपर्यंत, तिथून गुलमोहरापर्यंत, पुन्हा परत. एका हिवाळ्यात त्यांनी चालता चालता सात स्वेटर केले आणि दोन चपला झिजवल्या. "सुमित्रा, बैठ भी जा, मेरा सिर घूमता है," असं कुणीतरी रोज म्हणायचं. त्या म्हणायच्या, "बैठने से मेरा हाथ टाइट पड़ता है." हे खोटं होतं. हात त्यांचा चालतानाही घट्टच होता, त्यांना बसवतच नव्हतं.

मी त्यांच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये. मधली भिंत एकच, अंगणात मध्ये मेंदीचं कुंपण आणि एक पाण्याचा नळ. त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क मला इतरांपेक्षा जास्त आहे आणि सहन करण्याचा अनुभवही. त्यांचं माहेर नागपूरचं. वडील सरकारी कचेरीत कारकून. मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा कचेरीबरोबर तेही आले, आणि चौदा दिवसांत बिऱ्हाड उचलावं लागलं. तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये सामान खोक्यांतच होतं आणि या बाई, वय तेरा-चौदा, खोक्यांमधून फेऱ्या मारत विणायला शिकल्या. तेव्हापासून पायाला भिंगरी, असं त्यांचे यजमान दत्तात्रयराव सांगायचे. मला असली स्पष्टीकरणं पटत नाहीत. काही माणसं खोकी नसती तरी फिरलीच असती.

फिरणं चालवून घेतलं असतं. पण सुमित्राबाईंना चूक बघवायची नाही. फेरी मारताना प्रत्येकीच्या मांडीवर त्यांची नजर जायची आणि पाऊल अडखळलं की समजायचं, कुठेतरी उलटाच्या जागी सुलट पडलंय. मग त्या वाकायच्या, "जरा बघू" म्हणायच्या, आणि तुम्ही हो-नाही म्हणायच्या आत सुई ओढून सात ओळी सर्रकन उसवून टाकायच्या. माझ्या नवऱ्याच्या बिनबाह्यांच्या स्वेटरची पाठ त्यांनी अशी दोनदा उसवली. दुसऱ्या वेळी मी तीन दिवस बोलले नाही. चौथ्या दिवशी कुंपणावर घडी केलेली पूर्ण पाठ ठेवलेली सापडली, माझ्यापेक्षा शंभर पटींनी सुरेख. मला त्याचाही राग आला. चार इमलीतल्या, बड्या सरकारी अधिकाऱ्यांच्या वस्तीतल्या साहेबिणी गाडी पाठवून त्यांच्याकडून नमुने मागवायच्या. त्या गाडीकडे बघून मी नाक मुरडायचे, आणि घरात येऊन तोच नमुना वहीत उतरवून घ्यायचे.

एकोणऐंशीच्या हिवाळ्यात आमच्या रांगेतली लीला मैदानावर यायला लागली. तिशी नुकतीच ओलांडलेली, सकाळी टाउनशिपमधल्या बालवाडीत शिकवायची. नवरा रवींद्र कारखान्यात टर्नर. तिची आई तिच्याजवळ राहायची, ती दिवाळीनंतर आठ दिवसांत गेली. झोपेतच. चौदावा झाल्यावर आम्हीच लीलाला म्हटलं, घरात एकटी बसू नकोस, उन्हात येऊन बस.

ती आली ती मांडीवर एक अर्धवट विणकाम घेऊन. कॉफी रंगाच्या लोकरीची पाठ, जावयाच्या स्वेटरची. आईने नवरात्रात सुरू केली होती. साधारण हातभर झालेली, सुया तशाच खुपसलेल्या, शेवटची ओळ मध्येच सोडलेली. लीलाला विणता येत नव्हतं. ती फक्त ते घडी करून मांडीवर धरायची, वरून हात फिरवायची आणि आमचं बोलणं ऐकत बसायची. आम्ही काही विचारलं नाही, विचारण्यासारखं काही नव्हतं.

आणि त्या पाठीत चुका होत्या. भरपूर होत्या. नमुना पिळाचा होता, म्हणजे काही टाके एकमेकांवरून ओलांडून दोरीसारखा पीळ वर चढवायचा. खालची चार बोटं काम देखणं होतं. त्याच्यावर मात्र पीळ कधी उजवीकडे, कधी डावीकडे वळलेले, एका ठिकाणी टाका गळून शिडी पडलेली, कडेला दोन टाके जास्तीचे. आम्हां सगळ्यांना दिसत होतं. आम्ही दुसरीकडे बघायचो.

सुमित्राबाईंना दुसरीकडे बघता येत नव्हतं. तीन आठवडे त्यांच्या फेऱ्या लीलाच्या सतरंजीपाशी यायच्या आणि जड व्हायच्या. त्यांनी वाट बदलली, गुलमोहराच्या पलीकडून जायला लागल्या, तरी मान वळायचीच. एकदा नळावर मला म्हणाल्या, "प्रमिलाबाई, सत्तावीस चुका आहेत हो त्यात. मला रात्री डोळे मिटले की दिसतात."

"मग मिटू नका डोळे," मी म्हटलं. "आणि हात लावू नका. ते तिच्या आईचं आहे."

"ते मला कळत नाही का?" त्या फणकारल्या आणि बादली अर्धीच भरून निघून गेल्या.

पुढच्या मंगळवारी पाणी लवकर आलं. पाणी आल्याची हाक झाली की मैदान पाच मिनिटं रिकामं व्हायचं, ज्या त्या बाईने घरी धावायचं. लीलाही धावली. विणकाम सतरंजीवर ठेवून. माझी मोलकरीण घरी होती म्हणून मी बसून राहिले, आणि सुमित्राबाईंच्या घरी दत्तात्रयराव रजेवर होते. मी माझ्या बाहीचे टाके मोजत होते, खाली मान घालून. वर पाहिलं तेव्हा सुमित्राबाई लीलाच्या सतरंजीवर गुडघे टेकून होत्या आणि त्यांच्या हातातून कॉफी रंगाची लोकर सरसर निघत होती.

"अहो, काय करताय!" मी ओरडले.

"ती शिडी फक्त," त्या म्हणाल्या. त्यांचे हात थांबले नाहीत. "तेवढीच काढते. तिथून वर नीट करून ठेवते, तिला कळणारसुद्धा नाही. आणि या गाठी बघा! आतल्या बाजूला गाठी बांधून ठेवल्यात, जागोजाग! लोकरीत कुणी गाठी बांधतं का?" नखाने गाठ काढायची, गवतात टाकायची, पुढे उसवायचं. शिडी केव्हाच मागे गेली होती. मी त्यांचं मनगट धरलं तेव्हा खालची चार बोटं तेवढी उरली होती.

लीला ओल्या हातांनी आली. तिने सतरंजीवरचा लोकरीचा ढीग पाहिला. सुमित्राबाई उभ्या राहिल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाक्य सुरू करता येईना. लीलाने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "ठेवा ते तुमच्याकडेच, सुमित्राताई." सतरंजीही न घेता ती घरी गेली.

मला सुमित्राबाईंचा इतका संताप आला की मी त्यांना तिथल्या तिथे म्हटलं, "तुम्हाला माणसं दिसतच नाहीत. टाके दिसतात फक्त." त्यांनी लोकर पदरात गोळा केली आणि गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून लीला मैदानावर यायची बंद झाली. सुमित्राबाईही येईनाशा झाल्या. बायका कुजबुजल्या, कुणी म्हणालं बरं झालं, खोड मोडली. मला वाटलं होतं की मलाही बरं वाटेल. पण दुपारी मैदान विचित्र शांत वाटायचं आणि मी उगाच गुलमोहराकडे बघायचे. घरी मात्र शांतता नव्हती. भिंतीपलीकडे चपलांचा आवाज, पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत, मागून पुढे, पहाटे पाचला सुरू. दत्तात्रयराव एकदा कुंपणावरून म्हणाले, "वहिनी, दोन दिवस झाले, आमटीत फोडणी नाही. मी बोलत नाही, पण काहीतरी करा." ते विनोद करत होते आणि घाबरलेलेही होते.

सुमित्राबाई रोज लीलाच्या दारापर्यंत जायच्या. मी खिडकीतून बघायचे. फाटकाची कडी धरायच्या, सोडायच्या, परत यायच्या. एकदा आत गेल्या. लीलाने दार उघडलं, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आईच्या हाताचं होतं. ते आता नाही. तुम्ही माफी मागून ते येणार आहे का?" हे मला सुमित्राबाईंनीच सांगितलं, शब्द न् शब्द, आणि सांगताना त्या माझ्या स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत सात वेळा गेल्या.

"खरंच आहे तिचं," मी म्हटलं.

"येईल," त्या म्हणाल्या. "मला पाठ आहे ते."

"काय पाठ आहे?"

"सगळं. सत्तावीसच्या सत्तावीस. खालची चार बोटं सोडून अकराव्या ओळीला पीळ उलटा. सोळाव्या ओळीत कडेला टाका जास्ती. शिडी मधल्या पिळाच्या डावीकडे. तीन आठवडे मी दुसरं काय बघत होते?"

मला आधी हसू आलं, मग आलं नाही. ज्या बाईला दुसऱ्याची एक चूक पचत नव्हती, ती आता सत्तावीस चुका ठरवून, जागच्या जागी घालायला बसणार होती. बसणार म्हणजे चालत चालत. मी म्हटलं, "लीलाला ते तुमच्या हातचं आहे हे कळेलच." त्या म्हणाल्या, "कळू दे. मी तिला फसवायला करत नाहीये. माझ्याकडून गेलंय ते माझ्याकडून परत जायला पाहिजे."

ते सोपं नव्हतं. त्यांचा हात घट्ट, म्हातारीचा सैल. पहिल्यांदा केलं ते चार बोटं अरुंद आलं. उसवलं. जाड सुया घेतल्या, तरी पीळ चुकीच्या बाजूला वळवताना हात आपोआप बरोबर बाजूला जायचा. त्या चिडायच्या, स्वतःलाच "मूर्ख आहेस" म्हणायच्या. मी संध्याकाळी जाऊन बसायला लागले. का, ते सांगता येत नाही. माझा राग गेला नव्हता. पण त्यांना एकटं टाकवत नव्हतं.

आठव्या की नवव्या दिवशी त्या माझ्यासमोर थबकल्या. हातात सुया, नजर कुठेच नाही.

"प्रमिलाबाई, त्या गाठी."

"कोणत्या?"

"मी काढून टाकल्या त्या. त्या कुठेही नव्हत्या. दर दहाव्या टाक्यावर होत्या. दहा, वीस, तीस. मग चार ओळी सोडून पुन्हा तशाच." उसवताना त्यांनी मोजल्या नव्हत्या, पण त्यांची बोटं मोजल्याशिवाय राहतच नसत. "खुणा होत्या त्या. नमुना कुठे सुरू होतो त्याच्या."

"मग? खुणा आपणही बांधतो की."

"आपण लाल दोरा बांधतो. नाहीतर पांढरा. दिसावा म्हणून." त्यांचा आवाज बारीक झाला. "तिने कॉफी रंगाच्या लोकरीवर कॉफी रंगाचीच लोकर बांधली होती. ती डोळ्यांना दिसतच नाही. मलासुद्धा तीन आठवड्यांत दिसली नाही. ती बोटांनाच लागते."

मला समजायला क्षणभर लागला. खालच्या चार बोटांत गाठी नव्हत्या, चुकाही नव्हत्या. गाठी त्याच्यावर सुरू झाल्या होत्या, जिथून चुका सुरू झाल्या तिथून. आणि डोळ्यांना दिसत नसतानाही तिने हातभर विणत नेलं होतं, पीळ घालत, चाचपून.

"लीलाला माहीत असेल?" मी विचारलं.

"माहीत असतं तर एकदा तरी बोलली असती. मैदानावर एकदा मला म्हणाली होती, आईला शेवटपर्यंत सुईत दोरा ओवता येत होता, नजर चांगली होती."

त्या रात्रभर चालल्या. सकाळी नळावर आमचं भांडण झालं. मी म्हटलं, सांगू नका. विणून द्या, गाठी घालू नका, माफी मागा आणि मोकळ्या व्हा. बिचारीला कशाला आणखी? त्या म्हणाल्या, "एकदा तिच्या आईचं मी तिला न विचारता काढून टाकलं. आता हेही मीच काढून टाकू?" मी बादली उचलून घरात आले.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी लीलाकडे गेलो. रवींद्र ओव्हरटाइमला गेला होता. लीलाने दारात आम्हाला बघून बाजूला होऊन वाट दिली. सुमित्राबाईंनी पिशवीतून पाठ काढली. तीच लोकर, सुया तशाच खुपसलेल्या, शेवटची ओळ सत्तावन्नाव्या टाक्यावर सोडलेली. लीलाने ती हातात घेतली. उलटसुलट बघितली. शिडीवर बोट ठेवलं, कडेच्या जास्तीच्या टाक्यावर ठेवलं.

"अगदी तसंच आहे," ती म्हणाली. "पण हे तुम्ही केलंय, सुमित्राताई. मी यावर हात फिरवला तर तुमचा हात लागेल मला."

"माझाच लागेल," सुमित्राबाई म्हणाल्या. "पण एक त्यातलं माझं नाही. ते मी फक्त जागेवर ठेवलंय. मागची बाजू वर कर. आता डोळे मीट."

लीलाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, आणि लगेच वाटलं, हलवायला नको होती. तिने डोळे मिटले. सुमित्राबाईंनी तिचं बोट धरून एका ओळीच्या सुरुवातीला ठेवलं आणि हात काढून घेतला.

"सरकव. हळू. मोजत जा."

लीलाचं बोट सरकलं. ती बालवाडीतल्या पोरांना शिकवते तसं पुटपुटत होती. दहावर बोट अडलं. पुन्हा पुढे, पुन्हा दहावर. तिसऱ्यांदा अडलं तेव्हा तिने डोळे उघडून खाली बघितलं. तिथे काहीच दिसत नव्हतं, नुसती कॉफी रंगाची वीण. तिने परत डोळे मिटले, परत बोट ठेवलं. सुमित्राबाई उभ्या होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"हे आईने बांधलं होतं?"

"हो. दर दहाव्या टाक्यावर. खालचं सोडून सगळीकडे."

"तिला दिसत नव्हतं," लीला म्हणाली. हे तिने विचारलं नव्हतं. "नरकचतुर्दशीला ती रांगोळीवरून चालत गेली. पूर्ण रांगोळी फिसकटली. मी सगळ्यांसमोर ओरडले तिच्यावर. लक्ष कुठे असतं तुझं, म्हटलं. ती हसली. म्हणाली, अगं वय झालं. चार दिवसांनी माझ्या चहात मीठ घातलं, तेव्हाही ओरडले."

रांगोळीच्या दिवशीचं ओरडणं मी माझ्या अंगणातून ऐकलं होतं. मलाही तेव्हा म्हातारी वेंधळी वाटली होती. हे मी लीलाला कधी सांगितलं नाही.

"मला का नाही सांगितलं तिने?" लीलाचा आवाज चढला. ती सुमित्राबाईंवरच रागावल्यासारखी बोलत होती. "डॉक्टरकडे नेलं असतं. ऑपरेशन केलं असतं. मी काय परकी होते? का नाही सांगितलं?" आणि मग ती थांबली. हातातलं विणकाम तिने छातीशी धरलं. "गणपतीत तिचा चष्मा फुटला होता. तेव्हा मीच म्हटलं होतं. सहज म्हटलं होतं, गंमतीत. आई, डोळे सांभाळ बाई, मी सकाळभर बालवाडीत असते, तुझे डोळे गेले तर तुला दादाकडे उज्जैनला पाठवावं लागेल."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. सुमित्राबाई मात्र हलल्या नाहीत. त्या लीलाच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि तिचा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"म्हणून नाही सांगितलं, लीला," त्या म्हणाल्या. "तिला तुझ्याचजवळ राहायचं होतं."